सतरा नंबरचा दगड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सूर्यकांतराव, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर, सत्कारमूर्ती अंबादासभाऊ खैरनार आणि लतिकावहिनी, रुवैसहून खास आलेल्या भाऊंच्या भगिनी प्रमिलाताई, आणि जेवणाचा वास येत असूनही अजून जागेवर असलेल्या बंधुभगिनींनो,

दीड वर्षातला आखातातल्या आपल्या मराठी मंडळाचा हा नववा निरोप. शाली आता आपण डझनावर घेतो. क्रेन थांबल्या, कंत्राटं थांबली आणि अंबादासभाऊंनी बांधकामाची कंपनी बंद करून नाशिकची तिकिटं काढली. तेहतीस वर्षांत त्यांनी काय काय उभारलं, ते इतर वक्ते सांगतीलच. मी पडलो सेक्रेटरी. मी एका यादीबद्दल बोलणार आहे.

जुन्या बंदरामागे आपल्या इथल्या पहिल्या पिढीची दफनभूमी आहे. लाँचमधून आलेले गोव्याचे खलाशी, केरळची एक नर्स, आणि आपली, दात न आलेली मुलं. आपल्यात तेवढ्यांनाच पुरतात. तिची डागडुजी करा, म्हणून तेजीच्या काळात आपण बलदियाकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, चार अर्ज केले. तेजीत मेलेल्यांसाठी वेळ कोणाला? मंदी आली आणि पैसे मंजूर! दोन लाख दिरहॅम. म्हणजे रुपयांत... पाहा, सगळ्यांचे ओठ हलले. पंचवीस लाख.

कमिटीने पहिल्याच मीटिंगला काय ठरवलं असेल? देणगीदारांच्या नावांचा ग्रॅनाइटचा फलक! देणगी एकानेही दिलेली नव्हती. फलकाच्या साइजवर मात्र दीड तास चर्चा झाली.

मग बलदियातले रफिकभाई नकाशा घेऊन आले. "साहब, जिसका नाम है उसका पत्थर लगेगा. बिना नाम की जगह पर पायवाला रास्ता आएगा. गुरुवार तक लिस्ट दो, खलास."

यादी मी केली. जुनी रजिस्टरं चाळली, म्हाताऱ्यांना फोन केले. एकतीस जागांपैकी तीस नावं मिळाली. सतरा नंबरपुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'. मीटिंगमध्ये वाचूनही दाखवलं.

लतिकावहिनी तेव्हा बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत कमिटीने त्यांच्याकडून वड्यांखेरीज काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "निरंक नाही हो. सतरा नंबर माझी मुलगी आहे."

अंबादासभाऊ खाली बघत होते.

अठ्ठ्याहत्तर साल. मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी होणार होतं, म्हणून नाव नाही. एकाने सुचवलं, "बेबी खैरनार लिहू." वहिनी म्हणाल्या, "बेबी सगळ्यांचीच असते." सूर्यकांतराव, क्षमा असावी, आपण म्हणालात, "वहिनी, बारसं बाराव्या दिवशी. बत्तीस वर्षांनी कुठल्या शास्त्रात बसतं?"

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. "भाऊजी, बारावा दिवस शेजारच्या बानूचा पाळणा परत करण्यात गेला. बारसं राहिलं. ते आता करते."

त्यावर कमिटीत ठराव, अनुमोदन, दुरुस्ती, काहीही झालं नाही. इतिहासात प्रथमच.

बुधवारी सकाळी बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा. प्रमिलाताई रुवैसहून तीन तास गाडीने आल्या, वाळूत गुडघे टेकले, जमिनीशी तोंड नेलं आणि 'कुर्र' करून नाव सांगितलं. घुगऱ्यांचं पातेलं कोणी धरलं होतं? शास्त्र सांगणाऱ्या सूर्यकांतरावांनी! रफिकभाईंनी उभ्या उभ्या घुगऱ्या खाल्ल्या, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "स्पेलिंग?"

तिथली कुंपणाची भिंत हे भाऊंच्या कंपनीचं शेवटचं काम. सतरा नंबरचा दगड त्यांनी स्वतः बसवला. लेव्हल तीनदा तपासली. आपल्या ऑफिसांच्या इमारतींना त्यांनी एवढी माया लावली असती, तर गच्च्या गळल्या नसत्या.

रविवारी दोघं जाणार. दफनभूमीच्या गेटच्या किल्लीसाठी इथल्या रहिवाशाचं नाव लागतं. काल वहिनींनी ती किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "निरंक तुम्हीच लिहिलं होतं ना? मग आता तुम्हीच जात जा." ग्रॅनाइटचा फलक रद्द झाला, हे ओघाने सांगतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. एक चूक मात्र माझी मीच दुरुस्त करतो. सुरुवातीला मान्यवरांची नावं घेताना एक राहून गेलं. आज निरोप आपण आईवडिलांनाच देतो आहोत. त्यांची मुलगी इथेच राहणार आहे.

कुमारी शर्वाणी अंबादास खैरनार.