अठ्ठेचाळीसचे तीस

नाही, मला सांगा, एक आकडा बदलला म्हणून अख्खा पडदा काळाठिक्कर पडतो का कुठे? खून केला का मी कुणाचा? आकडा बदलला हो, एकच आकडा!

तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटर बायकोचा, मॉनिटर बायकोचा. ती आर्किटेक्ट, मी भूगोलाचा मास्तर, दुपारी एकला घरी. ती साइटवर, घर रिकामं, आणि मी... आता तुमच्यापासून काय लपवायचं... मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. या वयात! तिला माहीत नाही. म्हणजे, नव्हतं.

तर घाटातलं वळण आलं की पडदा लुकलुक लुकलुक करायचा. इंटरनेटवर एक महाशय भेटले, स्वतःला 'पडदेपंडित' म्हणवून घेणारे. म्हणे, "मित्रा, मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलेल याला हद्द असते. तुझी अठ्ठेचाळीसपासून सुरू होते. गेमचा वेग त्याच्या खाली घसरला की लुकलुकणारच! एक छोटं सॉफ्टवेअर घे, अठ्ठेचाळीसचे तीस कर, लोण्यासारखं चालेल!" केले तीस. आणि... गुडुप! मधोमध एक चौकट, 'सिग्नल हद्दीबाहेर'. मग तीही गेली.

माझी पाचावर धारण बसली. का? अहो, वाजले होते तीन! चार वाजता बायको याच पडद्यावरून, व्हिडिओ कॉलवर, एका डॉक्टरांना त्यांच्या हॉस्पिटलचे नकाशे दाखवणार होती. तीन महिन्यांचं काम! आज पसंत नाही पडलं तर काम दुसऱ्याकडे. आणि मी काय केलं होतं? एकच आकडा!

मेहुण्याला फोन लावला. बायकोचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो आपला थंडपणे, "घाबरू नका भाऊजी. कॉम्प्युटर विचारतो, बदल ठेवायचा का? पंधरा सेकंदांत कुणी काही बोललं नाही की आपोआप जुनं परत आणतो. तुम्ही कशाला हात नाही ना लावलात?"

हात? पडदा काळा झाल्यावर माणूस हात लावत नाही तर काय टाळ्या वाजवतो? एंटर दाबलं होतं मी. सात-आठ वेळा!

"म्हणजे तुम्ही 'ठेवा' म्हणालात."

"अरे, मला दिसत नव्हतं!"

"दिसत नव्हतं तर होकार कशाला दिलात?"

आता याला काय सांगू? वीस वर्षं संसार केलाय, न बघता होकार द्यायची सवय आहे!

"बरं, हॉलमधला टीव्ही आणून जोडा, त्यावर दिसेल. ताईला सांगू का?"

"सांगितलंस तर बघ!"

टीव्ही उचलला. वायर पायात, घाम डोळ्यांत... आणि दारात किल्ली फिरली. साडेतीनला!

"काय झालं?"

"लाईट गेली होती," मी म्हणालो. पंखा डोक्यावर गरगर फिरतोय!

तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या मिठीतल्या टीव्हीकडे बघितलं. टीव्ही घेतला, जोडला, लावला. आणि पडद्यावर काय यावं? माझी लाल गाडी! खाली ठळक अक्षरात, 'एकूण खेळ : दोनशे बारा तास'. तिनं ते सावकाश वाचलं. मोठ्यानं वाचलं हो! मग माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि सॉफ्टवेअर उघडून तिसाचे अठ्ठेचाळीस केले. मॉनिटर उजळला. चारला पाच कमी.

मी दाराबाहेर श्वास रोखून उभा. डॉक्टर "छान" म्हणाले, "पुढचं सुरू करा" म्हणाले, आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

ती बाहेर आली. ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "माझे तीन महिने होते रे त्यात. मला विचारायचं तरी." आकडा एकच बदलला, हे सांगायची ती वेळच नव्हती.

गेम तिनं बंद नाही केला, मनाची मोठी. फक्त त्या सॉफ्टवेअरला पासवर्ड लावलाय. त्यामुळे पडदा लुकलुकतोच. मग मी काय करतो? वळण आलं की डोळे मिटतो. गाडी दरीत जाते. जाऊ दे! रोज चार वेळा दरीत जातो, पण एंटरला हात लावत नाही.