आतल्या बाजूचे पोचे

नाही हो काका, आधी आवाज बदलला. पोच्यांत पुट्टी भरल्यावर दिसायला दार छान एकसारखं झालं होतं, पण मी सहज बोट आपटलं, तर एरवी ठण् वाजणारा पत्रा नुसता ठप् बोलला. मग आज सकाळी चहा गाळताना मागे काहीतरी पडलं — मी एवढी दचकले की चहा हातावर — बघते तर पुट्टीची अख्खी चकती जमिनीवर! तुटली नाही, फुटली नाही. मागून गुळगुळीत, थेट पोच्याच्या आकाराची, साच्यातून सुटल्यासारखी. ही बघा. का जपून ठेवलीय? कुणास ठाऊक. टाकवेना.

हो, रंगावरच लावली. कळलं हो आता, रंगारी तुम्ही आहात, मी नाही! डब्यावर लिहिलं होतं, 'पृष्ठभाग स्वच्छ करून घ्यावा' — मी साबणाने धुतला, पुसला, पंखा लावून वाळवला. स्वच्छ म्हणजे रंग खरवडून खालचं लोखंड उघडं पाडायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? चांगला तुकतुकीत रंग, त्याला ओरबाडायला मन धजेना. म्हटलं, वरून लिंपू, घासू, एक हात रंगाचा मारू — झालं. कुणाला कळतंय?

आई! ए आई, चहा गार होतोय गं! — आतल्या खोलीत आहे. नाही, झोपलेली नाही. बोलत नाही हल्ली. म्हणजे — माझ्याशी.

अं? कपाट सरकवताना लागलं. सगळे पोचे एकाच उंचीवर कसे म्हणजे? कपाटाचा कोपरा काय वरखाली होतो का? — असं बघू नका ना. परवा दादा येतोय, माझा भाऊ. दार दुहेरी पत्र्याचं, बाहेरून काही दिसत नाही, पण तो आत येणार, वळून कडी लावणार, की नजर तिथेच. त्याने सांगूनच ठेवलंय, तुला झेपत नसेल तर आईला संस्थेत ठेवू. मी बघून आलेय ती जागा. स्वच्छ आहे हो, वाईट नाही. पण तिथली बाई आईचं नाव विचारायच्या आधी म्हणाली, पेशंट रात्री ओरडतात का?

बत्त्याने. ऐकायचं होतं ना तुम्हाला? खलातल्या बत्त्याने. मी कामावर जाते ना, बाहेरून कुलूप लावते — मग काय करू, सांगा ना! एकदा चौकात सापडली, अनवाणी, भर रस्त्यात हात वर करून गाड्या थांबवत होती, आणि गाड्या थांबतही होत्या! लोक हसत होते. खरं सांगू? मीपण हसले आधी. मग हाताला धरून घरी आणली. तेव्हापासून कुलूप. आणि तेव्हापासून तिचं ते ठणठण. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमच्याकडे दिवसभर लोहार बसतो की काय? मी बत्ता लपवला, तर हातांनी वाजवायला लागली. मग ओरडले मी. पुन्हा दार वाजवलंस तर दादाला सांगून पाठवून देईन तुला — असं म्हणाले. आईला. तेव्हापासून घरात चकार शब्द नाही. जेवते, बघते, पण हाक मारली तर ओ देत नाही. किती सुखाचं झालंय म्हणून सांगू — काकू तर परवा म्हणाल्या, आई बऱ्या झाल्या वाटतं.

अगं बाई! — सांगून तरी ठोका हो! अच्छा, कुठे कुठे सुटलीय ते बघताय. बघा, ठोका. पण हळू, एवढं मोठ्याने नको, आतपर्यंत — आई, काही नाही गं! रंगारी काका आहेत! आई?

थांबा. काका, हात थांबवा जरा.

ओ दिली तिने. — काय गं आई? काय म्हणालीस?

'मी नाही वाजवलं'?