मला शिंक येत होती

...आणि वर तोंड करून मलाच विचारतात, 'काका, एवढे का हो चिडला होतात?' अहो, कोण चिडलं होतं? तुम्हाला सांगतो, हात जोडून सांगतो, मी चिडलो नव्हतो, मला शिंक येत होती! शिंक! माणसाला शिंक येते की नाही? तुम्हाला येत नाही? मग ती येण्याच्या अर्धा सेकंद आधी आपलं तोंड कसं दिसतं, कधी पाहिलंय? नाही ना? कारण तुमच्या घरात माझी मुलगी नाही!

आज सकाळचीच गोष्ट घ्या. औषधाच्या दुकानात गेलो, डोळ्यात घालायचे थेंब हवे होते. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघते, तोंडावर हात ठेवते आणि आत हाक मारते, 'अगं ए, बाहेर ये ना, ते आलेत!' आतून आवाज, 'ते कोण?' 'ते गं... लाइट कोण बंद करणार!' म्हणजे हे आता माझं नाव! आईबापांनी एवढं कौतुकानं ठेवलेलं नाव गेलं कुठल्या कुठे, आणि मी झालो 'लाइट कोण बंद करणार'. थेंब दिले, पण हसू दाबता दाबता बाटली कानात घालायची दिली. घरी येऊन बघतो तर कानाची! आता बोला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तसे तुम्ही हसताय म्हणजे माहीतच आहे... पण तरी सांगतो. माझा फोटो स्टुडिओ आहे. खाली स्टुडिओ, वर घर, एकतीस वर्षं. मुलगी आली होती पासपोर्टचा फोटो काढायला, ऑफिसकडून कुठेतरी जायचं होतं तिला. मी मागचा पडदा बदलत होतो, निळा काढून पांढरा. त्या निळ्या पडद्यावर धूळ किती म्हणता, विचारू नका. झटकला, धूळ थेट नाकात, आणि मी बोट वर केलं. असं. याचा अर्थ काय? 'थांब गं, शिंक येतेय.' संपलं! दुसरा काही अर्थ नाही! पण एक डोळा मिटलेला, दुसरा बटाट्याएवढा, नाकपुड्या फुगलेल्या, वरचा ओठ एकाच बाजूनं वर गेलेला आणि समोर ते बोट... आणि तेवढ्यात आमच्या कन्येनं मोबाईल काढला आणि खटॅक! आणि शिंक? आलीच नाही हो! एवढं सगळं झालं आणि शिंक आलीच नाही! निदान ती आली असती तर साक्षीला एक फोटो पुढचा तरी मिळाला असता.

बरं, काढलास ना फोटो, हसलीस ना, झालं ना? नाही. तिनं माझा तो चेहरा मानेपासून कापला, भोवती पांढरी कड लावली, खाली अक्षरं टाकली, 'लाइट कोण बंद करणार?' आणि घरच्या ग्रुपवर सोडला. स्टिकर! म्हटलं, 'काढून टाक तो आधी.' तर म्हणते, 'बाबा, चिल! आपल्याआपल्यात आहे रे!' आपल्याआपल्यात! अकरा माणसं आहेत त्या ग्रुपवर, आणि त्यातला एक माझा मेहुणा आहे. मेहुण्याच्या पोटात पाणी तरी राहतं का? संध्याकाळपर्यंत तो स्टिकर त्याच्या ऑफिसात. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातल्या लोकांच्या बायकांकडे. आठवड्यानं माझी वहिनी फोन करते, 'भावोजी, माझ्या योगाच्या ग्रुपवर तुम्ही आलात!' मी कुठेही गेलो नाही, वहिनी. मी घरात बसलोय!

मग अक्षरं बदलायला लागली. 'आत्ताच्या आत्ता घरी ये.' 'मला विचारलं होतं का?' 'मीटिंगला कॅमेरा चालू ठेवा.' मग कुणा रिकामटेकड्यानं मला हलवलं! म्हणजे आता फोटोतला मी ते बोट हलवतो, वर-खाली, वर-खाली, न दमता. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कमिटीनं सूचना लावली, 'दार नीट लावावे', आणि खाली सहीच्या जागी मी. रोज चार वेळा मी माझ्यासोबत वर जातो आणि माझ्यासोबत खाली येतो.

आणि दाताच्या डॉक्टरचं तर ऐका. पन्नाशीचा गृहस्थ, भारदस्त, हळू बोलणारा. मी आ वासून पडलोय, तोंडात ते पाणी ओढायची नळी, आणि तो म्हणतो, 'काका, काल तुम्ही मला मारलंत.' मी म्हटलं, 'आँ?' दुसरं काय म्हणणार, तोंडात नळी! तर हा दवाखाना बंद झाला की घरी गेम खेळतो, बंदुकांचा. त्यात कुणीतरी आपल्या खेळाडूला माझा चेहरा लावलाय. 'टाकीमागून आलात आणि थेट डोक्यात. छान खेळता हं!' तुम्हाला सांगतो, मी साधं झुरळ मारताना डोळे मिटतो, आणि माझ्या तोंडानं कुणीतरी एका संध्याकाळी सत्तेचाळीस माणसं लोळवली! शिंक येताना!

पण मला राग कशाचा येतो... हो, आता येतो, आता खरंच आलाय... ऐका. एकतीस वर्षं मी लोकांचे चेहरे काढले. बाईचे डोळे मिटले, फोटो बाद. म्हाताऱ्याची कवळी सरकली, बाद. नवऱ्यामुलाच्या नाकाला घाम, बाद, पुन्हा उभा राहा. एक गृहस्थ नोकरी गेल्यावर अर्जासाठी फोटो काढायला आले होते, त्यांना रडू फुटलं, तो निघालेला फोटो मी त्यांच्यादेखत पुसला. वाईट फोटो कुणाला दाखवायचाच नाही, ज्याचा त्याला पण नाही! गिऱ्हाईकाला वाटायचं आपण दिसतोच छान. अहो, मी छान दिसायला लावायचो! आणि आता? आता माणसं स्टुडिओत येतात, माझ्या दिव्यांखाली उभी राहतात, स्वतःचा मोबाईल काढतात आणि म्हणतात, 'काका, तसं करा ना एकदा. बोट करा ना!' फोटोच्या दुकानात येऊन फोटो स्वतःच काढतात! मोबाईलमध्ये चाळीस हजार फोटो, एक कुणी उघडून बघत नाही, आणि बघतात तो नेमका माझा!

शेवटी एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलीला समोर बसवलं. म्हटलं, हे बघ, गंमत पुरे झाली, जगभर फिरून आलो, आता सगळ्यांना सांग की मला शिंक येत होती. 'सांगितलं रे बाबा, कुणी विश्वास ठेवत नाही.' का नाही ठेवत? तर ती हसली, आणि हसता हसता म्हणाली, 'बाबा, अरे, मलाही आधी कळलं नव्हतं. मला वाटलं तू नेहमीसारखा ओरडणारेस.'

नेहमीसारखा.

मी म्हटलं, मी कधी ओरडतो? तर झाली सुरू. 'गॅलरीतला नळ चालू राहिला तेव्हा. मी सायन्स सोडलं तेव्हा. मैत्रिणी घरी आल्या की. आणि फोटो काढताना तर कायम, हलू नको, दात नको, मान सरळ, हात खाली! हेच बोट, बाबा. म्हणून तर सगळ्यांना आवडला ना तो. सगळ्यांना आपापले वडील दिसतात त्यात.' हे सांगताना तिचं हसू कधी थांबलं, तिलाही कळलं नाही. आणि मी? मी बोट वर केलं होतं. खरंच, बोलायच्या नादात माझं बोट वर होतं. खाली घेतलं.

पण मी सोडतोय थोडाच! म्हटलं, थांब, तुला दाखवतो तुझा बाप हसताना कसा दिसतो. काढले सगळे अल्बम. सगळ्या डिस्क, सगळे खोके, पलंगाखालचे, माळ्यावरचे. हिचा पहिला वाढदिवस, ही आहे, तिची आई आहे, मेहुणा आहे, सगळ्या फोटोत मेहुणा आहे! मी नाही. समुद्रावर गेलो होतो, तिघं गेलो होतो, फोटोत दोघी, आणि वाळूवर एक लांब सावली, कोपर बाहेर काढलेली. तो मी. शाळेतलं बक्षीस, मी नाही. नव्या घरातला पहिला दिवस, कपाटाच्या आरशात एक माणूस आहे, पण तोंडाच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा. तोही मी. लग्नातला एक सापडला, त्यात मी आहे, पण काढणाऱ्यानं हनुवटीपासून वर कापलाय. सगळ्या गावाचे चेहरे माझ्या घरात, आणि माझा एक नाही. कसा असेल? कॅमेरा माझ्या हातात होता ना! 'बाबा, तू पण ये ना फोटोत,' असं ही लहानपणी म्हणायची, आठवलं मला. आणि मी काय म्हणायचो? 'हलू नको.'

मग काय, गेलो खाली. पांढरा पडदा, दोन दिवे, कॅमेऱ्याला टायमर. स्टुलावर बसलो आणि हसलो. पहिल्यात दात जास्त. दुसऱ्यात दातच नाहीत. अठ्ठावीस काढले, सत्तावीस पुसले, एक ठेवला. प्रकाश असा पडलाय म्हणून सांगू, काय बिशाद कुणाची नावं ठेवायची! वर नेऊन बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावला, लांब धरला, जवळ धरला. 'बरा आहे हो. अर्जाला वगैरे लावायला चालेल.' मी म्हटलं, अर्जाला नाही, घरात लावायला. उद्या मी गेलो तर भिंतीवर कुठला लावशील? 'काहीतरी बोलू नका भलतंसलतं!' अगं, सांग तर. आता बायकोनं थोडा वेळ तरी घ्यावा की नाही? विचार केल्यासारखं तरी करावं? तिनं मोबाईल काढला आणि समोर धरला. तोच! न कापलेला, मूळचा, मागे लोंबणारा निळा पडदा, पुढे बोट. म्हटलं, अगं, मी चिडलोय असं वाटतं त्यात! मला शिंक येत होती! तर म्हणते, 'माहीत आहे मला शिंक येत होती. एकोणतीस वर्षं ऐकतेय तुमच्या शिंका, मला कळत नाही का? पण ह्यात तुम्ही आहात. त्या दुसऱ्यात कुणीतरी माणूस हसतोय.'

मुलीनं दुसऱ्या दिवशी आपला स्टिकर पुसला, मी न सांगता. म्हणाली, 'सॉरी, बाबा.' तिनं पुसून काय होतंय म्हणा, जगात तो फिरतोच आहे, पण पुसला. मी म्हटलं, 'असू दे.' मला वाटतं मी हे जरा हळू म्हटलं, कारण ती एकदम वर बघायला लागली.

मग बसलो, आणि धंद्याचं काम धंद्यासारखं केलं. तो फोटो घेतला, अंधार जरा उजळला, नाकावरची धूळ काढली, आठ बाय दहा मोठा केला, चांगल्या कागदावर छापला, लाकडी फ्रेम घातली आणि कपाटात ठेवून दिलाय. भिंतीवर नाही, घाई नाही मला. पण वेळ आली की ह्यांची पळापळ नको, कुणी मेहुण्याला फोन करून 'तुझ्याकडे आहे का रे एखादा' असं विचारायला नको. बायको म्हणाली, 'अहो, खाली नाव घालायचं राहिलं.' म्हटलं, नाव कशाला? सगळी दुनिया ओळखते. तारखेपुरती जागा सोडलीये, तेवढी भरा.