स्वतःच्याच दारात पाहुणी

—केलीय की जहाजाची सहल! न करायला काय झालं? याच फ्योर्डातनं, या कड्यांमधल्या खाडीतनं केलीय, तुमच्यासारख्याच जहाजातनं — तुमच्याहून एखादा मजला जास्तच असेल, कमी नाही. बसा, बसा, उभ्यानं कॉफी पिऊ नका. बाथरूम सापडलं ना? मग झालं. एरवी मी दार उघडत नाही हं, सांगून ठेवते. रोज कुणीतरी येऊन खिडकीला नाक लावतं, त्यांना वाटतं हे संग्रहालय आहे. मागं एक गृहस्थ तर थेट स्वयंपाकघरात शिरला. मी बटाटे सोलत होते, तर माझा फोटो काढला आणि बायकोला म्हणतो, "बघ, अगदी खरी वाटते!" पण तुम्ही आपल्या भाषेत विचारलंत, स्टावांगरच्या निघालात, म्हटलं, येऊ दे. आणि मी मोठ्यानं बोलते म्हणून दचकू नका. पलीकडच्या खोलीत आमचा अर्नफिन बसलाय — नवरा, हो, दुसरं कोण — जहाज धक्क्याला लागलं की तो त्या खोलीत जाऊन दार लावून घेतो, ते जहाज गेल्यावरच बाहेर येतो. नाही नाही, बहिरा नाही. चांगलं ऐकू येतं त्याला. म्हणून तर मोठ्यानं बोलते.

तर आमच्या सिल्वीनं — मुलगी आमची, बर्गनला असते — आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघांची जहाजाची सहल ठरवली. फ्योर्ड बघायची सहल! आम्हाला! म्हणजे माशाला पाणी दाखवायला न्यायचं. त्यातून आमचा माणूस कोण, तर 'मोठी जहाजं नकोत' समितीचा अध्यक्ष. समितीत माणसं तीन, त्यातला एक बैठकीत झोपतो, पण अध्यक्ष तो अध्यक्षच. पोरगी गेल्यावर मला म्हणाला, "तू जाणारेस?" म्हटलं, "जाणारे." "लाटांनी आपल्या होडीच्या शेडचे दगड निखळले, धुरानं पडदे काळे पडले, आणि तू त्यातच बसून जाणार?" म्हटलं, "पडदे मी धुते. तू नाही." संपलं. निघताना दारातनं एवढंच म्हटलं त्याला — जहाज आपल्या घरावरूनच जाणार आहे, नाश्त्यानंतर, तेव्हा बाहेर ये आणि हात हलव. हात नाहीतर टॉवेल हलव. काहीतरी हलव.

वॉफल घ्या. चीज घ्या वरनं, लाजू नका, तुम्हाला तर जहाजावर दिवसातनं पाच वेळा खायची सवय झाली असेल. मला झाली होती! काय ते सुख हो — आणि काय ती माणसं! बाहेर धबधबा कोसळतोय, आणि बायका बोलतायत कशावर, तर काल कोळंबीत मीठ कमी होतं. सगळे गरम पाण्याच्या हौदात बसून डोंगरावरचा बर्फ बघणार आणि एकमेकांना सांगणार, "निसर्गाच्या किती जवळ आलो!" मी हसायचे त्यांना. चौथ्या दिवशी मीच हौदात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. पहिल्या सकाळी तर गंमतच. एक पोरगी माझं अंथरूण आवरायला आली, तर मी तिच्या मागंमागं उशा फुगवत — ती म्हणाली, "बाई, तुम्ही बसा हो." बसू कुठं? बसायचं कसं तेच विसरले होते. आणि संध्याकाळी नाच. एक डिटमार म्हणून होता, जर्मन, बायको वारलेली, दातांचा डॉक्टर. नाचता नाचता म्हणतो, तुमचे दात फार सुंदर आहेत. हसताय काय? चाळीस वर्षांत या घरात माझ्या दातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही! — ऐकू जाऊ दे की.

मग एका सकाळी जहाज आपल्या फ्योर्डात वळलं. वरून बघायचं म्हणजे काय, बाई — जन्मभर ज्या कड्याकडं मान वर करून बघितलं त्याच्या कमरेला आपण! भोंग्यावरनं एक बाई माहिती सांगत होती. म्हणाली, या किनाऱ्यावरची माणसं फार मितभाषी, हिवाळाभर एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती विणत बसतात. मी! मितभाषी! मी म्हटलं कठड्याजवळच्या सगळ्यांना, अहो, ते घर दिसतंय ना, काड्यापेटीएवढं, तांबडं — ते माझं घर, आणि आता माझा नवरा बाहेर येऊन हात हलवणार आहे. झालं, सगळ्या मजल्यावर बातमी. शे-दीडशे माणसं एका बाजूला, कुणाच्या हातात दुर्बीण, कुणाच्या फोन. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या नवऱ्यासाठी!

आणि गोठ्याच्या भिंतीवर काहीतरी पांढरं दिसलं. मोठं. म्हटलं, आला गडी! टॉवेलवर भागवलं नाही, चादरच लावलीय माझ्यासाठी! ओरडलेसुद्धा मी, "ती बघा, ती बघा!" डिटमारनं दुर्बीण लावली, बघितलं, आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन दुसरीकडंच बघायला लागला. चादर माझ्या आईनं भरलेली, कडेला निळी फुलं, लग्नात दिलेली. तिच्यावर होडीच्या डांबरानं, हातभर अक्षरांत, इंग्रजीत — सगळ्यांना कळावं ना — 'घरी जा.'

हसले हो सगळे. एक बाई म्हणाली, "किती गोड!" आणि फोटो काढला. मीही हसले. माझे दात सुंदर आहेत ना.

तो म्हणतो, ते जहाजासाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतं. जहाजं तर रोज येतात. मग चादर त्याच दिवशी का? आणि जहाजावर मी होते, हे ठाऊक होतं की नाही? — विचारते मी. इथनं विचारते, बरं का, तुम्हाला नाही.

तर जहाज लागलं धक्क्याला, माणसं उतरली, मीही उतरले. अंगात जहाजावर वाटलेलं तांबडं जाकीट, छातीवर चिकटवलेला नंबर, डोळ्यावर काळा चष्मा — रडले होते म्हणून नाही, ऊन होतं. आले थेट इथं. दाराला आतनं कडी. आता स्वतःच्या घराचं दार कोण वाजवतं? मी वाजवलं. अर्नफिननं उघडलं. बघितलंसुद्धा नाही वर. जाकीट दिसलं, नंबर दिसला, आणि इंग्रजीत म्हणाला, "इथं बाथरूम नाही."

मी चष्मा काढला.

त्यानं बघितलं. मीही बघितलं. किती वेळ होता, बाई, काहीही म्हणता आलं असतं. 'आत ये' म्हटलं असतं ना, तर तिथंच आले असते; बॅग काय, मागनं आली असती. म्हणाला, "तुझी सहल संपायचीय ना अजून?" म्हटलं, "हो." म्हणाला, "मग पुरी कर." आणि दार लावलं. हळूच लावलं. आपटलं असतं तरी चाललं असतं.

मग काय, केली पुरी. खाल्लं, नाचले, हौदात बसले. आणि बर्गनला उतरलो ते अगदी वेळेवर, छान ऊन पडलेलं, समुद्र कसा ताटलीसारखा सपाट—

—नाही. म्हणजे. वादळ होतं. परत येताना वादळ होतं, म्हणून पंधरा-वीस दिवस यायला उशीर झाला, असं… घरी तसं सांगितलेलं आहे.

जाऊ दे. गेलं ऐकू त्याला. कसलं वादळ नि कसलं काय. सिल्वीच्या मागच्या खोलीत होते मी, पंधरा-वीस दिवस. तुम्ही मनात आणताय तसलं काही नाही हं, दातांचा डॉक्टर त्याच दुपारी विमानानं गेला. तो असता तर सोपं होतं, कुणाकडं तरी जाते म्हणून सांगता आलं असतं. मला कुठंच जायचं नव्हतं. फक्त इथं यायचं नव्हतं. सिल्वीला म्हटलं, ही खोली मला देशील का? ती म्हणाली, "आई, किती दिवस?" मी म्हटलं, "बघू." 'बघू' म्हटलं की पोरींना कळतं.

मग एक दिवस बोर्गहिल्डचा फोन. गावात दुकान आहे तिचं, फोन केला की समजायचं कुणीतरी मेलंय किंवा मरणार आहे. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला काय झालंय गं? जहाज आलं की धक्क्यावर जाऊन उभा राहतो. उतरणाऱ्या एकेका तांबड्या जाकिटाच्या तोंडाकडं वाकून बघतो. बायका घाबरतात त्याला. विचारलं तर म्हणतो, लाटा मोजतोय." हा माणूस! जहाज आलं की गायींनासुद्धा तोंड फिरवायला लावणारा! आणि लाटा मोजायला म्हणे कोट घालून येतो, आमच्या लग्नातला.

म्हणून आले. बसनं आले, डोंगराकडनं, आणि तो तेव्हाही धक्क्यावरच, पाण्याकडं तोंड करून. संध्याकाळी घरी आला तर चुलीवर बटाटे. दारात उभा राहिला, म्हणाला, "वादळ थांबलं?" मी म्हटलं, "थांबलं." अहो, इथं तेव्हा आभाळात एक ढग नव्हता! त्याला काय दिसत नव्हतं? पण तेवढंच. जेवला. त्याला आता तीन उन्हाळे झाले, त्यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. ती भोंग्यावरची बाई खोटं सांगत नव्हती, बघा, विणायचं तेवढं राहिलंय—

थांबा. खुर्ची सरकली.

काय रे? जहाज गेलं नाही अजून. … काय? … नव्हता? बोर्गहिल्डनं स्वतःच्या डोळ्यांनी… बरं, लग्नातला नव्हता. मग कुठला होता? … मयताला घालायचा? … कुणाच्या मयताला? … माझ्या? … अर्नफिन, बस आधी.

अहो, तुम्ही कसल्या बघताय? उठा. वॉफल हातात घ्या, वाटेत खा. आणि बाहेर कुणी भेटलं तर सांगा, या घरात कुणी नाही.