सांगाड्याचं वय

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी उत्खनन करणारे एक सर आणि त्यांची विद्यार्थिनी बसले होते.

"सर, सांगाड्याचं वय आलं. तीस वर्षंसुद्धा नाही."

"नमुन्यात भेसळ झाली असेल. तो थर दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून दुसरं हाड दुसरीकडे पाठवलं होतं. तिथूनही तेच आलं."

"पण निघाला तर त्याच थरात!"

"वरून खड्डा खणून पुरला होता, सर. फोटोत खड्ड्याची कड स्पष्ट दिसते. आपल्याला जुनाच हवा होता, म्हणून दिसली नाही."

"तरीच जमीनमालक म्हणत होता, त्या कोपऱ्यात उगाच घाम गाळू नका."

"आणि तुम्ही दोन हजार वर्षं म्हणालात, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला."

"हळू बोल. पोलिसांना फोन लाव. तो कुठे आहे?"

"खाली. त्याच्याच गाडीतून आलो ना आपण!"

जिन्यातून एक आडदांड माणूस किल्ल्या खुळखुळवत वर आला.

"काय सर, किती वर्षांचा निघाला आमचा म्हातारा?"



"दोन हजार, काका," विद्यार्थिनी म्हणाली. "सर म्हणाले होते तेवढाच."