टिकलीची मोहर

(नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातलं एक घर, २०२०चा ऑक्टोबर, रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर दोन तपकिरी बाटल्या, एक वही आणि टिकली चिकटवून बंद केलेलं पाकीट. ते पाकीट आज उघडलंच जाऊ नये, असं वैदेहीला मनापासून वाटतंय.)

वैदेही : आई, आधी चहा तरी घ्या. पाकीट कुठे पळून जातंय?

प्रमोदिनी : करोना झाल्यापासून चहा काय आणि गरम पाणी काय, मला सारखंच. आधी आकडे, मग पाकीट, मग चहा. सिद्धार्थ, उठू नकोस. साक्षीदार लागतो.

सिद्धार्थ : आई, तू रिटायर होऊन दहा वर्षं झाली.

प्रमोदिनी : नोकरीतून झाले, सवयीतून नाही. एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पोलिसांनी पकडलेला गांजा तपासलाय मी. आता तुमच्या इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याचंच तेल जिभेखाली घ्या. तपासल्याशिवाय घेईन होय?

वैदेही : अहो, पण ते औषधाच्या दुकानातून, रीतसर चिठ्ठीवर मिळालंय. आणि लिहून कोणी दिलं? आपल्या हाउसआर्ट्सने! फॅमिली डॉक्टर म्हणवते, पण पाय मोडून गेलं तरी पॅरासिटामॉल घ्या म्हणून घरी पाठवणारी बाई. ती स्वतःहून म्हणाली, बाकीच्या गोळ्या तुमच्या किडनीला झेपत नाहीत, हे करून बघू या.

सिद्धार्थ : ‘करून बघू या’ म्हणाली. ‘बरं वाटेल’ नाही म्हणाली. संधिवातावर पुरावा फार कमी आहे, हेही तिनेच सांगितलं. मी वेगळं काय म्हणतोय? आणि उद्या पुण्यात कळलं तर? प्रमोदिनीबाई लेकाकडे गेल्या आणि गांजाला लागल्या!

प्रमोदिनी : पुण्याचं मी बघते. तुझं पुराव्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे, म्हणून तर हा खटाटोप. मी वाचते, तू ऐक. बाटली क आणि बाटली ख. एकीत औषध, दुसरीत सुपरमार्केटमधलं साधं ऑलिव्ह तेल. कुठलं कशात, ते फक्त वैदेहीला माहीत. तिने चिठ्ठी लिहून पाकिटात घातली आणि वर टिकलीची मोहर लावली. पहिला आठवडा क, दुसरा ख.

सिद्धार्थ : पण तुला वासावरून कळलंच असेल ना?

प्रमोदिनी : एरवी जिन्यावरून ओळखला असता. पण नाक गेलंय माझं. कॉफीचा डबा नाकाला लावला तरी ढिम्म. तेव्हाच म्हटलं, ही संधी पुन्हा यायची नाही.

वैदेही : करोनात लोक वास जातो म्हणून रडतात. आईंनी प्रयोग लावला!

प्रमोदिनी : कौतुक पुरे. वेदना शून्य ते दहा, रोज सकाळी उठल्यावर लिहिलेल्या. औषधाआधीचे पाच दिवस सात, आठ, आठ, सात, आठ. क बाटलीचा आठवडा हळूहळू उतरत चारवर आला. ख बाटली, सोमवार सहा, मंगळवार आठ. त्या दिवशी गारठाही होता म्हणा. बुधवार सहा, गुरुवार पाच, मग शनिवारपर्यंत चार. आता उघड पाकीट.

वैदेही : आई, उद्या उघडू या का?

प्रमोदिनी : उद्या कशाला? विमानवाल्यांना आज सहापर्यंत हो की नाही कळवायचंय. दे, मीच उघडते. मोहर शाबूत आहे, लिहून घे सिद्धार्थ. ‘क औषध, ख साधं तेल.’ झालं तर मग.

सिद्धार्थ : म्हणजे साध्या तेलानेही चारवर आलं?

प्रमोदिनी : आलं. दोन्हींचा गुण सारखाच. म्हणजे बाटलीत काही नव्हतं, जे होतं ते माझ्या डोक्यात. मनाचे खेळ. हसू येतंय मला. बोटं सैल झाली, म्हणून गेल्या शुक्रवारी चार पोळ्या लाटल्या होत्या मी.

सिद्धार्थ : आई, त्यात लाज कसली?

प्रमोदिनी : लाज नाही रे. ठरलं होतं तसं करायचं. औषध लागू पडलं, तर डॉक्टरांचं पत्र जोडून व्हिसा वाढवायचा आणि मार्चपर्यंत इथे राहायचं. ही बाटली काही मी पुण्याला नेणार नाही, माझ्याच ऑफिसात नमुना म्हणून जायची! आणि लागू नाही पडलं, तर शनिवारच्या विमानाने घरी. नाही पडलं. हो कळवून टाक.

वैदेही : तिथे तीन मजले चढून एकट्या राहणार? कुलपाची किल्ली फिरत नाही तुमच्याने.

प्रमोदिनी : शेजारची नंदा फिरवेल. तू का रडतेस?

वैदेही : नका कळवू. सिद्धार्थ, तो फोन खाली ठेव आधी.

सिद्धार्थ : काय झालं?

वैदेही : ख मध्ये साधं तेल नव्हतं.

प्रमोदिनी : पाकिटात तसं लिहिलंय. अक्षर तुझं आहे.

वैदेही : लिहिलं तेव्हा होतं. मंगळवारी सकाळी आर्याला शाळेत निघायचं होतं. तुम्ही तिच्या कोटाची बटणं लावत होतात. चारच बटणं, आई. सहा मिनिटं लागली तुम्हाला. मी इथे ओट्याशी उभी होते. मला करू दे म्हटलं, तर हातानेच थांबवलंत. आणि ती पाच वर्षांची पोर, एरवी एका जागी उभी राहील तर शपथ, ती न हलता उभी. ‘आजी, आय कॅन वेट,’ म्हणाली.

प्रमोदिनी : म्हणाली खरी.

वैदेही : मला नाही बघवलं. तुम्ही गेलात तिला सोडायला, आणि मी ख मधलं तेल सिंकमध्ये ओतलं. क मधलं अर्धं त्यात भरलं. तुम्हाला बरं वाटावं एवढंच डोक्यात होतं. शेवटी दोन्ही आकडे सारखे येतील आणि तुम्ही निघून जाल, एवढा पुढचा विचार कुठला सुचायला!

प्रमोदिनी : एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरचा एकही नमुना बदलला गेला नाही. पोलीस होते, वकील होते, पैशाची पाकिटं घेऊन येणारे होते. आणि बदलला कोणी, तर माझ्या सुनेने. मोहर शाबूत ठेवून.

वैदेही : चुकलं माझं.

प्रमोदिनी : चुकलंच.

सिद्धार्थ : एक मिनिट. ती वही दे इकडे. आई, बदललं मंगळवारी सकाळी. तू थेंब घेतेस कधी?

प्रमोदिनी : संध्याकाळी. जेवणानंतर.

सिद्धार्थ : मग रविवार आणि सोमवार संध्याकाळ साधं तेल, आणि मंगळवारी आठ. मंगळवार संध्याकाळपासून औषध. बुधवार सहा, गुरुवार पाच, मग चार. आई, तुला कोणी काही सांगितलं नव्हतं. वास नाही, चव नाही. आणि आकडे बरोबर तिथेच फिरलेत. ऑफिसात माझ्या मशीनच्या डेटात असं दिसलं असतं, तर मी त्याला मनाचे खेळ नसतं म्हटलं.

प्रमोदिनी : दोन दिवसांवर अहवाल लिहीत नाहीत. त्या मंगळवारी गारठा होता.

सिद्धार्थ : गारठा बुधवारीही होता. मी सायकलवरून भिजून आलो होतो, आठवतं?

प्रमोदिनी : तू तर विरुद्ध होतास.

सिद्धार्थ : अजून आहे थोडासा. पण तू जशी आहेस ना, आई... स्वतःच्या दुखण्यालाही तू सवलत दिली नाहीस. हात आखडलेले असताना रोज सकाळी स्वतःविरुद्ध आकडे लिहीत बसलीस. मला नसतं जमलं. मी पहिल्याच दिवशी ठरवून मोकळा झालो होतो, गांजा म्हणजे गांजा.

प्रमोदिनी : मीही तेच लिहीत आले की. ‘नमुन्यात गांजा आढळला.’ खाली सही. एकदा साक्षीला कोर्टात गेले होते, जुन्नरकडचा एक म्हातारा होता. पिंजऱ्याची कड धरून उभा. न्यायाधीशांना म्हणाला, गुडघ्यांसाठी घेतो साहेब, झोप लागते. सगळे हसले. मीही हसले.

वैदेही : तुमचं काम तुम्ही चोख केलंत, आई.

प्रमोदिनी : केलं. माझा अहवाल खोटा नव्हता. पण त्याचे गुडघेही खोटे नव्हते, हे माझे हात गेल्यावर कळलं. तेव्हापासून तो डोळ्यांसमोर येतो. म्हणून मला ‘बरं वाटल्यासारखं वाटतं’ एवढं पुरत नाही. तो खरं बोलत होता का, ते मला नीट कळायला हवं. निदान माझ्यापुरतं.

सिद्धार्थ : मग विमानाचं काय करू? पाच वाजून गेले.

प्रमोदिनी : नाही कळव. प्रयोग अर्धा टाकून मी कधी घरी गेलेली नाही. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, नाक परत यायच्या आत उरकायला हवं. बाटल्या या खेपेला तू भरायच्यास. कुठली आधी, ते मला सांगायचं नाही आणि हिला तर मुळीच नाही.

सिद्धार्थ : माझ्यावर भरवसा आहे?

प्रमोदिनी : तुझा औषधावर नाही, हे मला पुरतं. वैदेही, आण आता तो चहा. आणि एक नवी टिकली आण, मोठी.

वैदेही : आणते. पण आई, त्यातला एक आठवडा हात पुन्हा तसेच दुखतील हो.

प्रमोदिनी : दुखतील.

वैदेही : आणि मी नुसतं बघत बसायचं?

प्रमोदिनी : बाटलीला हात लावायचा नाही. ज्या दिवशी मला जमणार नाही, त्या दिवशी आर्याच्या कोटाची बटणं तू लाव.