उम्म रियादच्या गच्चीवर

मादबा गावातल्या बेकरीत, रोट्यांच्या रांगेत नजवाच्या मागे दोन शेजारणी उभ्या होत्या: रियादची आई उम्म रियाद आणि सुहैलची आई उम्म सुहैल.

“उम्म रियाद, भर उन्हात वाढवलेली माझी सात जातींची सात रोपं होती गं, जाड जाड पानांची. महिनाभर लेकीकडे जाऊन आले, तर सगळी कुजलेली!”

“पाणी कोणी घातलं?”

“आमच्या ह्यांनी. रोज! म्हणे, बिचारी तहानली असतील.”

“मायाळू आहे गं नवरा तुझा, उम्म सुहैल.”

“मायेनंच मारली! आणि त्याआधी वर्षभर कोणीतरी फांद्या चोरत होतं, ते वेगळंच.”

“हो. मीच ती.”

“काय?”

बेकरीवाल्यानं नजवाला ‘किती?’ म्हणून विचारलं. तिला ते ऐकूच गेलं नाही.

“ओरडू नकोस. सातही जाती माझ्या गच्चीवर आहेत. ऊन खातात, पंधरा दिवसांनी पाणी पितात, मजेत आहेत.”

“मग दे ना मला एकेक फांदी!”

“तुझीच झाडं तुला दान करू? लोक काय म्हणतील? मी दुपारी दोन ते चार झोपते. गच्चीचं दार उघडंच असतं.”

उम्म सुहैल तिच्याजवळ सरकली.

“कात्री मी आणू, का तुझी तिथेच असते?”